उजव्या खुर्चीत कोण बसणार?

वसईजवळच्या आमच्या उमेळ्यात राऊत तीन. केळीवाले राऊत, बँकवाले राऊत आणि विमानवाले राऊत. तिसरा मी. 'विमानवाले' ऐकलं की नवख्या माणसाच्या डोळ्यांत एक चमक येते आणि मी ती पुढच्याच वाक्यात घालवतो. "मोठी विमानं नाही हो, मी विमान चालवायला शिकवायचो." मग समोरचा सहानुभूतीनं मान हलवतो. त्याला वाटतं, बिचाऱ्याला स्वतःला चालवायला मिळालं नसावं.

अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणाऱ्या हिरामावशीनं एकदा ओट्यावर पाटी उतरवून माझी रीतसर चौकशी केली. मी तिला समजावलं, की शिकवायचं विमान छोटं असतं. डावीकडे विद्यार्थी बसतो, उजवीकडे मी. दोघांच्या पुढे सारखाच दांडा, दोघांच्या पायाशी सारखीच पेडलं. तिनं बोंबील मोजता मोजता विचारलं, "म्हंजे इमान तो पोरगा चालवनार, आनि तुमी बाजूला बसून पगार घेनार?"

एकतीस वर्षांच्या माझ्या नोकरीची इतकी नेमकी व्याख्या मला एकाही पुस्तकात सापडलेली नाही.

काम खरोखर तेवढंच. बाजूला बसायचं आणि हात मांडीवर ठेवायचे. विद्यार्थी चुकायला लागला की हात आपोआप दांड्याकडे जातात, आणि ते जाऊ न देणं हीच सगळी विद्या. लवकर हात घातला तर विद्यार्थी शिकत नाही. उशिरा घातला तर शिकवायला कोणी उरत नाही. या दोन क्षणांच्या मधली जी फट आहे तिचा पगार मी घेत होतो.

खानदेशातल्या एका धावपट्टीवर आमची शाळा होती. तिथे तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं येत. विरारचे एक बिल्डर बावन्नाव्या वर्षी हौस म्हणून शिकायला आले. आयुष्यभर गाडीत मागे बसून ड्रायव्हरला सांगायची सवय. पहिल्याच उड्डाणात डावीकडे ऐटीत बसून मला म्हणाले, "राऊत, जरा डावीकडे घ्या."

"साहेब, दांडा तुमच्या हातात आहे."

"असं होय?" ते म्हणाले, आणि दांड्याकडे त्यांनी असं पाहिलं, की जणू तो कोणीतरी परवानगीशिवाय तिथे बांधला असावा.

दुसरा एक पोरगा होता, गुणी, अभ्यासू. जमिनीवर उतरताना मात्र अगदी शेवटच्या क्षणी डोळे मिटायचा. हे मला कळायला चार उड्डाणं गेली, कारण माझी नजर धावपट्टीवर असायची. विचारलं, "डोळे का मिटतोस रे?" तर म्हणाला, "सर, तुम्ही आहात ना." इतर कुठल्याही धंद्यात हा शिक्षकाचा गौरव ठरला असता. आमच्यात हे धोक्याचं लक्षण. त्या दिवसापासून त्याच्याबरोबर उतरताना मी मोठमोठ्यानं 'हे राम' म्हणायला सुरुवात केली. आठवड्याभरात त्याचे डोळे कायमचे उघडले.

आता बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसलेली एक गोष्ट. विमान शिकवणारा म्हटलं की लोकांना पिकल्या मिशांचा, कसलेला वैमानिक दिसतो. प्रत्यक्षात शिकवणारा बहुतेक वेळा तेवीस-चोवीस वर्षांचा असतो आणि त्याचं स्वतःचं लायसन्स ताजं असतं. लायसन्स मिळालं की नोकरी मिळते असं आईबापांना वाटतं. मिळत नाही. कंपन्या अनुभवाचे तास विचारतात, आणि तास मिळवायचे तर विमान हवं. शिकवण्याची परीक्षा दिली की दुसऱ्याच्या धड्यात आपलेही तास भरतात. म्हणून काल शिकलेला आज शिकवतो. आमच्या शिक्षकांच्या खोलीतला प्रत्येक जण फळ्याकडे तोंड करून बसलेला असे आणि कान फोनकडे.

मी मात्र त्या खोलीतून उठलोच नाही. एकदा मोठ्या कंपनीच्या मुलाखतीत नापास झालो. एकदा पास झालो. पास झालो तेव्हा माझे पाच विद्यार्थी सोलोच्या तोंडावर होते. सोलो म्हणजे पहिल्यांदा एकट्यानं विमान नेऊन परत आणायचं. म्हटलं, या पाचांचं होऊ दे, मग जातो. त्यांचं होईपर्यंत आणखी चार तोंडावर आले. ती कंपनी पुढे बंद पडली, आणि तेव्हापासून मी माझ्या आळसाला दूरदृष्टी म्हणतो.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण जुईली.

जुईली ही आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडच्या नरेश पाटलाची मुलगी. नरेशची एकेकाळी पानवेल होती, आता अर्ध्या वाडीत केळी आणि अर्ध्या वाडीत इमारत आहे. मी निवृत्त व्हायच्या आधीच्या शेवटच्या तुकडीत ती माझ्याकडे शिकली, आणि मग तिथेच शिकवायला लागली. धावपट्टीवर मला सर म्हणते, उमेळ्यात काका.

गणपतीच्या आधी ती पाच दिवसांच्या रजेवर घरी आली ती एक जाड कागदांचं पुडकं घेऊन. छोट्या शहरांना जोडणारी एक छोटी विमान कंपनी. मोठाल्या पंख्यांची, सत्तर माणसं बसतील एवढी विमानं. त्यांनी नव्या शिक्षकांसाठी 'कॅडेट योजना' काढली होती. आज सही करायची. मग कंपनी सांगेल त्या शाळेत शिकवत राहायचं. तास पूर्ण झाले की बाहेरच्या रांगेत उभं न राहता थेट कंपनीच्या विमानात उजव्या खुर्चीत, म्हणजे कॅप्टनच्या शेजारी. त्या बदल्यात पुढची काही वर्षं दुसरीकडे जायचं नाही. सही सोमवारपर्यंत.

गंमत पाहा, आमच्या विमानात उजवीकडे गुरू बसतो आणि कंपनीच्या विमानात उजवीकडे शिष्य. खुर्ची तीच, फक्त बसणाऱ्याचा मान वेगळा.

पहिल्या संध्याकाळी नरेश माझ्या पडवीत येऊन बसला. "दादा, तुम्ही फक्त तिला सांगा, सही कर म्हणून. एकदम सेट होऊन जाईल पोरगी. तुमचं ऐकते ती."

"आणि कंपनीच बुडाली तर?"

"असं काय अपशकुनी बोलता?"

"अरे, मी विमानवाला आहे. आधी काय काय बिघडेल ते मोजायचं आणि मग इंजिन सुरू करायचं, हीच सवय."

त्याच्यामागून जुईलीची आई येऊन गेली. तिला कंपनीशी देणंघेणं नव्हतं, मुंबईला नेमणूक मिळेल का आणि रोज घरी जेवायला येता येईल का एवढंच विचारायचं होतं. मग खुद्द जुईली आली. झोपाळ्यावर बसली, पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "काका, मी तीनदा वाचलंय. मला काहीच कळत नाहीये. तुम्ही सांगाल ते."

खरी पंचाईत इथे सुरू झाली.

कागद मी चष्मा लावून नीट वाचले. योजना वाईट नव्हती. पोरं लायसन्स खिशात घालून वर्षानुवर्षं फोनची वाट बघतात, तिथे कोणी नाव लिहून घेतंय हीच मोठी गोष्ट. पण छोट्या कंपन्या आज आहेत आणि उद्या नाहीत, हेही मी पाहिलेलं. कंपनीनं भरतीच थांबवली तर बांधलेला माणूस बांधलेलाच राहणार का, याबद्दल कागद गप्प होता. कुठे शिकवायचं ते कंपनी ठरवणार, म्हणजे अर्ध्या वाटेवरचे विद्यार्थी सोडून जावं लागणार. बोट ठेवायला दोन्हीकडे जागा होती.

आणि माझ्या मनाचं म्हणाल तर त्याला कागद वाचायची गरजच नव्हती. त्याला जुईली तिथेच राहायला हवी होती. एकतीस वर्षांत मी कितीतरी शिक्षक तयार केले, पण हात मांडीवर ठेवायची विद्या तिला जेवढी आली तेवढी कोणाला आली नाही. एकदा तर ती मलासुद्धा महाग पडली.

त्याचं असं झालं. नवा शिक्षक झाला की जुना शिक्षक त्याची परीक्षा घेतो. जुना डावीकडे बसून विद्यार्थ्याचं सोंग करतो, नवा उजवीकडे. आमच्यात एक नियम फार कडक. विमान एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ते तीनदा मोठ्यानं बोलायचं. देणारा म्हणतो, 'यू हॅव कंट्रोल.' घेणारा म्हणतो, 'आय हॅव कंट्रोल.' आणि देणारा पुन्हा म्हणतो, 'यू हॅव कंट्रोल.' विमान कोणाच्या हातात आहे याबद्दल तिळमात्र शंका राहता कामा नये. त्या दिवशी जुईलीनं मला एक वळण करून दाखवलं, आणि दांडा परत द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात रेडिओवर कोणीतरी बोलायला लागलं. बोलणं संपेपर्यंत आम्ही दोघं सभ्यपणे गप्प राहिलो. पुढची तीन वाक्यं राहूनच गेली.

मला वाटलं, विमान अजून तिच्याकडे आहे. तिला वाटलं, माझ्याकडे आलं. विमानाचं नाक हळूहळू खाली झुकायला लागलं, डावा पंख कलला. मी मनात म्हटलं, पोरगी मुद्दाम चूक करून मला तपासतेय. ती मनात म्हणत होती, सर विद्यार्थ्याचं सोंग काय छान वठवतात! दोघांचे हात मांडीवर, दोघांच्या चेहऱ्यावर शिक्षकाचं ते शांत, सहनशील हसू. खाली कापसाच्या शेतातली एक बाई कमरेवर हात ठेवून वर बघायला लागली, तिच्या लुगड्याचा रंग दिसायला लागला, तेव्हा दोघांनी एकदम दांडा धरला.

विमान सरळ करून आम्ही पुन्हा उंचीवर आलो. मग जुईली म्हणाली, "सर, मी पास का?"

हा असा प्रकार दोन शिक्षक एकत्र बसले तरच होतो. दोन विद्यार्थी असते तर दांड्यासाठी मारामारी झाली असती.

तर अशी ही पोरगी. तिला मी 'थांब, अजून दोन वर्षं शिकव, हात पक्के होऊ देत' असं म्हटलं असतं तर ती थांबली असती. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. इतकं तयार होतं की माझं मलाच दचकायला झालं, कारण ते मी पूर्वी एकदा वापरलेलं होतं.

बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे शिरीष नावाचा तरुण शिक्षक होता. तोही वसईचाच. त्याच्यासमोर अशीच एक संधी आली होती. त्यानंही मला विचारलं होतं, सर, काय करू? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "थांब. घाई करू नकोस. तुझ्या भल्यासाठी सांगतोय." तो थांबला. पुढे कंपन्यांनी भरतीच थांबवली. शिरीषनं काही वर्षं वाट पाहिली, मग लायसन्स कपाटात ठेवलं आणि वालीवला कारखान्याचा गाळा घेऊन लिफ्टच्या केबिनी बनवायला लागला. आपल्याकडे इमारती उगवतायत, लिफ्टला मरण नाही.

त्याचं भलं वगैरे काही माझ्या डोक्यात नव्हतं. त्या महिन्यात चार नवे विद्यार्थी येणार होते आणि मला माणूस कमी पडत होता. एवढंच. ही गोष्ट मी बारा वर्षं कोणाला सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. निवृत्त होऊन उमेळ्यात आल्याला दोन वर्षं झाली, वालीव घरापासून रिक्षानं अर्ध्या तासावर, आणि तरी मी एकदाही त्याच्या गाळ्यावर गेलो नाही. स्कूटर दुरुस्त करायला वालीवला गेलो तरी मागच्या रस्त्यानं जायचो.

मी जुईलीला पुडकं परत दिलं. म्हटलं, "उद्या सकाळी माझ्याबरोबर वालीवला चल."

"वालीवला? तिकडे काय आहे?"

"माझं एक जुनं लँडिंग आहे. बघून घे."

गाळ्यावर पत्रा कापायचा आवाज चालू होता. शिरीष हात पुसत बाहेर आला. केस थोडे पांढरे झालेले, पोट सुटलेलं, हसू तेच. "सर! घरात लिफ्ट बसवायची का?"

"अरे, बैठं घर आहे माझं."

"मग आधी दोन मजले चढवा. लिफ्टचं मी बघतो." त्यानं आम्हाला एका तयार केबिनमध्ये उभं केलं. "बघा, दोनच बटणं. वर आणि खाली. कोणाला शिकवावं लागत नाही, कोणी डोळे मिटत नाही."

चहा आला. मी जुईलीची ओळख करून दिली, कागदांचं सांगितलं. तो ते पुडकं चाळायला लागला तशी जुईलीनं आडपडदा न ठेवता विचारलं, "दादा, तुम्ही तेव्हा गेला नाहीत. वाईट वाटतं का आता?"

"आता काय सांगू?" शिरीष म्हणाला. "माझ्याबरोबरच्या दोघांनी सही केली. एक आज कॅप्टन आहे. दुसऱ्याला तीन वर्षं नुसतं 'थांबा, थांबा' म्हणाले आणि मग कंपनीच गेली. मी यांतला कोण झालो असतो, कोणाला माहीत? मला हे काम आवडतं. पण वरून विमान गेलं की अजूनही मान वर जाते, ते खोटं कशाला बोलू?"

माझा चहा तसाच होता. मी म्हणालो, "शिरीष, मी तुला थांब म्हटलं ते तुझ्या भल्यासाठी नव्हतं. मला माणूस कमी पडत होता."

पत्रा कापायचा आवाज नेमका तेव्हाच थांबला. शिरीष हसला नाही. "माहीत होतं सर. फळ्यावर चार नवी नावं लिहिलेली होती आणि शिकवणारे आम्ही दोघं. मोजता येत होतं."

"मग थांबलास का?"

"तुम्ही म्हणालात, भल्यासाठी. मला वाटलं, फळ्यावर नाही असं काहीतरी तुम्हाला दिसत असेल."

 तोच पुढे बोलला, सावकाश. त्यानंही हे बरीच वर्षं मनात धरून ठेवलं असावं. "थांब म्हटल्याचा राग नाही, सर. विमानात कंट्रोल कोणाकडे आहे हे तीनदा ओरडून म्हणायला लावायचात. एकदा मी दोनदाच म्हटलं तर तुम्ही मला आठवडाभर जमिनीवर ठेवलं होतं. आणि इथे दांडा तुमच्या हातात होता, मला वाटत होतं मी चालवतोय. 'शिरीष, मला माणूस हवाय, वर्षभर थांब' एवढं म्हणाला असतात तर मी तसाही थांबलो असतो. पण मग ते माझं थांबणं झालं असतं."

मला लाज वाटली. साठी उलटलेल्या माणसाला, ज्याला धावपट्टीवर सगळे सर म्हणायचे, भर सकाळी चाळिशीच्या माणसासमोर बसून लाज वाटते तेव्हा ती लपवायला मिशीही पुरत नाही. मी "चुकलं माझं" एवढंच म्हणालो. शिरीषनं माझा गार चहा उचलून नेला आणि दुसरा मागवला. यापलीकडे आमच्यात काही झालं नाही, आणि मला वाटतं एवढं पुष्कळ होतं.

परतताना रिक्षात जुईली पुडक्याची पानं उलटत होती. स्टेशनच्या पुलाखाली आल्यावर म्हणाली, "काका, आता मला सांगा, तुम्हाला काय हवंय?"

"मला तू तिथेच राहायला हवी आहेस. तुझ्यासारखं शिकवणारं दुसरं कोणी मी पाहिलेलं नाही. तू गेलीस की त्या शाळेत काय उरणार, याचा मला त्रास होतो. हे माझं. तुझं भलं कशात आहे ते मला कळत नाही. खरंच कळत नाही."

"बरं झालं सांगितलंत. मला वाटत होतं तुम्हाला कळतंय आणि तुम्ही परीक्षा घेताय."

मग आम्ही रिक्षातच कामाचं बोललो. मी तिला म्हटलं, सही कर नाहीतर नको करू, पण आधी त्यांना विचार, भरती थांबवलीत तर मला मोकळं करणार का, आणि ते लिहून देणार का. विचार, शिकवायला कुठे पाठवणार आणि कधी. आणि एक प्रश्न स्वतःला विचार. नाव नोंदलेलं असताना, मन पुढच्या विमानात गेलेलं असताना, समोर डोळे मिटून उतरणारा पोरगा आला तर त्याच्याकडे तुझं लक्ष राहील का? माझ्या मते नव्या शिक्षकानं असल्या योजनेत जावं की नाही याचं खरं उत्तर या शेवटच्या प्रश्नात आहे. ज्याचं लक्ष राहतं त्यानं खुशाल जावं. ज्याचं राहत नाही त्यानं सही न करताही शिकवू नये. आणि आमच्या धंद्यातल्या म्हाताऱ्यांनी, नवी पोरं फक्त तास मोजतात म्हणून कुरकुर करू नये. आम्हीही मोजत होतो. आमचे मोजून संपले नाहीत, एवढाच फरक.

सोमवारी सकाळी तिनं आमच्याच पडवीत बसून कंपनीला फोन लावला. घरी तिचे आईवडील आणि आजी असे तिघं कान देऊन बसले होते, म्हणून. पलीकडची बाई पहिल्या प्रश्नाला "ते आमच्या धोरणात आहे" म्हणाली. जुईली म्हणाली, "धोरणात आहे तर कागदावर येऊ द्या ना." ते विद्यार्थ्याशी बोलायच्या आवाजात म्हणाली, शांत आणि न हलणाऱ्या. दुपारी ईमेल आली. भरती वर्षभर थांबली तर ती मोकळी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र वाईट होतं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून तिला दुसऱ्या राज्यातल्या शाळेत जावं लागणार होतं.

संध्याकाळी ती परत आली. सही केलेला कागद हातात होता.

"मला मोठं विमान चालवायचंय, काका," ती म्हणाली. "शिकवायला आवडतं, पण ते त्याहून जास्त हवंय. लपवून काय करू?"

"लपवू नकोस," मी म्हणालो. वाईट वाटलं, ते मी लपवलं नाही. तिनं ते पाहिलं आणि झोपाळ्यावर येऊन बसली. माझी बायको, सुमन, आतून वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी घेऊन आली, तिच्या पुढ्यात ठेवली आणि आत गेली.

मग जुईली सावरून बसली. "सर," ती म्हणाली. उमेळ्यात ती मला पहिल्यांदाच सर म्हणत होती. "आता एक सांगते. हे तुमच्या भल्याचं अजिबात नाही. तिथलं जेवण वाईट आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. खोलीतला पंखा आता आवाज करतो. तुमचे गुडघे दुखतील आणि काकू माझ्यावर रागावतील. तुम्हाला यातून काहीही मिळणार नाही. पण माझे चार विद्यार्थी अर्ध्यावर आहेत, दोघं सोलोच्या तोंडावर आहेत, आणि त्यांना कोणाच्याही हातात द्यायची माझी तयारी नाही. मला माणूस हवाय. तीन महिने याल?"

 एकतीस वर्षांत माझ्याकडून काम मागणाऱ्यांनी मला संधी देऊ केली, सन्मान देऊ केला, माझ्या अनुभवाचा गौरव केला. माणूस हवाय, असं कोणी म्हणालं नव्हतं.

आतून सुमनचा आवाज आला. "अहो, तुमचं ते मेडिकल कधीपर्यंत आहे?"

निवृत्तीनंतरही मी लायसन्स आणि मेडिकल, म्हणजे उडायला लागणारा तब्येतीचा दाखला, चालू ठेवलं आहे, वर्षातून दोनदा शाळेत जाऊन तेवढ्यापुरती उड्डाणं करून येतो, हे तिला माहीत होतं. का ठेवलं आहे, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"मार्चपर्यंत," मी म्हणालो.

"मग जा की. केळीला पाणी मी लावीन."

बॅग भरायच्या आधी मी शिरीषला फोन केला. कुठे चाललोय, कशासाठी चाललोय आणि कोणी कसं बोलावलं, सगळं सांगितलं. पलीकडे पत्रा कापायचा आवाज येत होता. तो हसला, अगदी जुन्या शिक्षकांच्या खोलीतल्यासारखा.

"जा सर," तो म्हणाला. "फक्त गुडघे सांभाळा. आपल्या विमानाला लिफ्ट नाही."